पंपाचा जोर आणि कार्बोरेटरची सुई

प्रश्न: वडिलांची ८९ सालची पद्मिनी आहे, मी अजून चालवतो. जुना एसी पंप (इंजिनवर चालणारा कंपनीचा पेट्रोल पंप) दम टाकायला लागला म्हणून गॅरेजवाल्यानं इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवून दिला. तेव्हापासून सिग्नलला पेट्रोलचा वास, प्लग काळे, कधीकधी कार्बोरेटर वरून ओला दिसतो, अ‍ॅव्हरेज पार घसरलंय, आणि पन्हाळा चढून गाडी बंद केली की गरम असताना परत स्टार्ट होत नाही. कार्बोरेटर दोनदा खोलला, कीट टाकलं, फरक शून्य. नवा घेऊ का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर: नवा अजिबात घेऊ नका आणि आधी एक काम करा, पंप काढेपर्यंत गाडी उभी ठेवा. गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल गळतंय, आग लागायला वेळ लागत नाही.

इंजेक्शनच्या गाडीचा पंप साधारण ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर जोर देतो, कारण तिथं पेट्रोल बारीक भोकातून फवारायचं असतं. तुमच्या सोलेक्स कार्बोरेटरला २.५ ते ३.५ पीएसआय पुष्कळ झाले. झाकण उघडून बघा, बोटाच्या पेराएवढी सुई दिसेल. आतला पेट्रोलचा चेंबर भरत आला की फ्लोट, म्हणजे तरंगणारी डबी, वर येतो, सुई भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. त्या सुईला ढकलणारा जोर म्हणजे एका पोकळ डबीचा तरंग, बस्स. समोरून दहापट जोर आल्यावर ती टिकणार कशी, पेट्रोल ओव्हर होऊन थेट इंजिनात जातं, मग कीट कितीही चांगलं टाका.

गरम असताना स्टार्ट न होण्याचं कारणही त्याच्याशी जोडलेलं आहे. इंजिन बंद झाल्यावर बॉनेटखालची उष्णता वाढते, पाइपात अडकलेलं पेट्रोल फुगतं आणि सुई ढकलून चेंबरमध्ये उतरतं. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सारखा पंप करू नका, पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, जास्तीचं पेट्रोल निघून जातं.

आता दुरुस्ती. माझं मत विचाराल तर जुना एसी पंपच नीट करा. तो कॅमशाफ्टवर चालतो म्हणजे इंजिन थांबलं की पेट्रोलही थांबतं, त्यासारखी सेफ्टी नाही. बहुतेक वेळा नुसता डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला किंवा कडक झालेला असतो. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळे डायफ्रॅम आणि होज पाइप दोन्ही इथेनॉल चालणारे मागा. पंपाखालचा जाड इन्सुलेटर फेकू नका, तो उष्णता अडवतो. मेकॅनिक पातळ गॅस्केट लावून मोकळे होतात तिथंच चुकतं.

इलेक्ट्रिकच हवा असेल तर कार्बोरेटरसाठीचा कमी जोराचा घ्या आणि टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवा, कारण हे पंप ओढण्यापेक्षा ढकलायला बरे. आधी फिल्टर, पुढे जोर कमी करणारा रेग्युलेटर. पंपाला करंट देणारा रिले ऑइल प्रेशर स्विचवर घ्या, अपघातात इंजिन थांबलं तर पंपही थांबला पाहिजे.

काहीही बसवलं तरी कार्बोरेटरच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून ० ते १५ पीएसआयचं गेज जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. शंभरचं गेज नको, त्यात तीन आणि पाच ओळखू येत नाही. उद्यमनगरात एखाद्या जुन्या गॅरेजला मिळेल. गेजचा काटा ३ च्या आसपास स्थिर असेल तर ठीक, चारच्या वर चढला तर रेग्युलेटर कमी करा.

आणि हो, इंजिन ऑइल मोजायची डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, ते बदलल्याशिवाय पन्हाळ्याचा रस्ता धरू नका.