सार्वमत, कौल आणि जनादेश: ब्रेक्झिटवर मराठीत भांडताना

सोलापूरच्या एका शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, युरोपीय संघ सोडून ब्रिटनने काय कमावलं आणि काय गमावलं. 'ब्रिटिश जनतेने जनादेश दिला' असं एक मुलगी म्हणाली, तर प्रतिपक्षातल्या मुलाने तिला अडवलं: 'जनादेश कसला, नुसतं जनमत होतं ते.' परीक्षकांनी दोघांनाही 'सार्वमत म्हणा' असं सुनावलं. बाई विचारतात, यातलं बरोबर कोण? शिवाय 'कस्टम्स युनियन'ला जकात संघ म्हणावं की सीमाशुल्क संघ? युरोपीय संघातून बाहेर पडण्याला, म्हणजे ब्रेक्झिटला, 'फारकत' चालेल का? आणि ब्रेक्झिट झाला, झाली की झालं?

परीक्षक बरोबर आहेत. मुलाचा शब्द चुकला, मुद्दा मात्र चुकला नाही. मुलीचा शब्द मराठी म्हणून निर्दोष आहे, पण तो ब्रिटनमधल्या एका बाजूचा शब्द आहे आणि वादविवादात तो वापरताना तेवढं ठाऊक असलेलं बरं.

घोळ सुरू होतो 'मत'पासून. आपण सभेत मत मांडतो आणि मतदान केंद्रावर मत देतो. मनातला विचार आणि यंत्रात नोंदलेली पसंती या दोन्हींना मराठीत शब्द एकच. त्यामुळे 'जनमत' म्हटलं की ते रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात दिसणारं लोकांचं म्हणणं, की मोजलेला आकडा, हे वाक्यावरून ओळखावं लागतं. रूढ अर्थ पहिला. 'जनमत तयार करणं', 'जनमताचा रेटा' हे प्रयोग पाहा. त्यात मतपेटी कुठेच नाही. हिंदीत या प्रक्रियेला 'जनमत संग्रह' म्हणतात. हिंदी वाहिन्यांवरून तो शब्द आपल्याकडे येताना 'संग्रह' वाटेत गळतो आणि नुसतं 'जनमत' उरतं. सोलापुरात ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात त्यांच्या कानावर 'जनमतगणने' असतं, तिथेही शेवटी मोजणी आहेच. मराठीने मात्र वेगळा शब्द घडवून ठेवला आहे: सार्वमत. एकच प्रश्न, सगळ्या मतदारांपुढे, रीतसर मतदानाने. श्रीरामपूरहून निघणाऱ्या दैनिकाचं नावच 'सार्वमत' असल्याने नगरकडच्या मंडळींना तो शब्द तोंडपाठ असतो. सोलापूरकडे तो जरा पुस्तकी वाटतो इतकंच.

'सार्वमत'वर एक आक्षेप हमखास येतो: सर्वांचं मत एक झालं असं त्यातून वाटतं. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने पडले. स्कॉटलंडमध्ये तर ६२ टक्के लोकांना राहायचं होतं. याला सर्वांचं मत कसं म्हणायचं? पण 'सार्व'चा इथला अर्थ 'सार्वत्रिक निवडणूक' किंवा 'सार्वजनिक' यांतल्यासारखा आहे. सगळ्यांना विचारलं, एवढंच तो सांगतो. सगळे एकाच बाजूला गेले तर त्याला आपल्याकडे 'एकमत' आहे.

आता 'जनादेश'. आदेश म्हटला की पाळायचा. इथेच ब्रिटनमधला खरा वाद आहे. सार्वमताचा जो कायदा २०१५ मध्ये झाला त्यात निकाल सरकारवर बंधनकारक असल्याचं कलम नव्हतं. तसं कलम त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही. २०११ मध्ये मतदान पद्धतीवर सार्वमत घेतलं तेव्हा, होकार आल्यास नवी पद्धत अमलात आणावीच लागेल अशी तरतूद कायद्यात होती. २०१५ मध्ये ती ठेवली नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेतून मुलगा बरोबर: लोकांना सल्ला विचारला होता. पण याच सरकारने मतदानाआधी घरोघरी पत्रक वाटलं आणि त्यात लिहिलं की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. असं छापून दिल्यावर लोकांनी त्याला आदेश समजू नये तर काय करावं? मुलीचा 'जनादेश' या पत्रकातून येतो. कायद्यात सल्ला आणि पत्रकात आदेश, असा तो दुहेरी कारभार होता.

त्याचा निवाडा काही अंशी न्यायालयात झाला. संसदेला न विचारता सरकार युरोपीय संघाला बाहेर पडण्याची नोटीस देऊ शकतं का, हा प्रश्न होता. २४ जानेवारी २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की देऊ शकत नाही, आधी संसदेने कायदा करावा. संसदेने तो केला आणि २९ मार्चला नोटीस गेली. आपल्याकडच्या श्रोत्याला हे ऐकून पहिल्यांदा खटकतं: लोकांनी सांगितल्यावर संसद मध्ये कोण? कारण आपल्या राज्यघटनेची सुरुवात 'आम्ही भारताचे लोक'पासून होते. ब्रिटनच्या परंपरेत सार्वभौम आहे ती संसद. सार्वमत हे त्या घरात उशिरा आलेलं पाहुणं. देशभराचं पहिलं सार्वमत १९७५ चं, तेही युरोपीय समुदायात (युरोपीय संघाचं आधीचं रूप) राहायचं का यावरच, आणि तेव्हा ६७ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं. म्हणून तिथे 'लोकांचा निर्णय विरुद्ध संसद' असा जो झगडा २०१६ ते २०१९ चालला, तो 'जनता विरुद्ध नेते' इतका सरळ नव्हता. लोकशाही म्हणजे त्या एका दिवसाची मोजणी, की निवडून दिलेल्यांनी तपशील ठरवणं, यावर तो होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी संसदेचं कामकाज पाच आठवडे बंद ठेवायचा घाट घातला, तेव्हा न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. इथे 'एकमत' हा शब्द चपखल.

माझी शिफारस अशी: प्रक्रियेला 'सार्वमत', निकालाला 'कौल'. 'जनादेश' वापरायचाच तर तो कोणाचा दावा आहे ते वाक्यात दिसू द्यावं: 'पंतप्रधानांच्या मते हा जनादेश होता.' 'कौल' मूळ अरबी, अर्थ शब्द, वचन. जुन्या महसुली कागदांत सरकार रयतेला कौल देई. देवळात आपण देवाला कौल लावतो. वर्तमानपत्रांनी तो निवडणुकीत आणला आणि तो छान बसला, कारण कौल मिळाला तरी तो कसा वाचायचा हा प्रश्न उरतो हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर 'राहायचं की सोडायचं' एवढंच होतं. सोडायचं म्हणजे सीमाशुल्क संघही सोडायचा का, एकल बाजारही (सदस्य देशांची मिळून एकच बाजारपेठ) का, संघाबाहेर राहून त्या बाजारात असलेल्या नॉर्वेसारखं अर्धं दाराशी उभं राहायचं का, यातलं काहीच त्यावर नव्हतं. पुढची साडेतीन वर्षं त्या न विचारलेल्या प्रश्नांवर गेली.

आपल्याकडे सार्वमत झालंच नाही, असं त्या स्पर्धेत कुणी तरी म्हणालं असेल तर तेही दुरुस्त करून टाकतो. घटनेत तशी सर्वसाधारण तरतूद नाही हे खरं, पण १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात झालं आणि ते थेट महाराष्ट्राशी संबंधित होतं: विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल हे चिन्ह, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. पानं जिंकली. गंमत अशी की त्यासाठी संसदेने केलेल्या कायद्याच्या नावात 'ओपिनियन पोल' हे शब्द आहेत. आज आपण 'ओपिनियन पोल' म्हणतो ते निवडणुकीआधीच्या वाहिन्यांवरच्या चाचणीला. गोव्यात मात्र अजून त्या शब्दाने तो १९६७ चा दिवसच आठवतो.

आता जकात. बाईंना 'जकात संघ' आवडलेला दिसतो, आणि सोलापूरकराला तो का आवडतो हे मी समजू शकतो. पण मी 'सीमाशुल्क संघ' म्हणेन. जकात आपल्या डोक्यात नगरपालिकेची बसली आहे, गावाच्या वेशीवरची. देशाच्या हद्दीवर लागतं ते सीमाशुल्क. शिवाय जकात आता संपली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईत उरलेली जकातही गेली. कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकरांना 'शुल्क' परका वाटायचं कारण नाही, कारण त्यांच्या 'सुंक' आणि 'सुंकं'चं मूळ तोच संस्कृत शब्द आहे.

एवढं म्हटल्यावर जकातीची एक आठवण मात्र हातची सोडू नये, कारण या वादातला सगळ्यात कळीचा आर्थिक मुद्दा तिच्यातून लगेच समजतो. एका मुलाने म्हणे असा मुद्दा मांडला की ब्रिटन आणि युरोप यांच्यात शून्य शुल्काचा करार आहे, मग व्यापार पूर्वीसारखाच मोकळा आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या करारात वस्तूंवर शुल्क शून्य आहे, हे खरं. पण ते शून्य त्या वस्तू ब्रिटनच्या किंवा युरोपच्याच आहेत असं दाखवता आलं तर. दुसरीकडचा माल फक्त पुढे पाठवला तर शुल्क लागतं. शिवाय घोषणापत्रं, मांस आणि दूध-दुभत्याला पशुवैद्यकीय दाखले, तपासण्या. ज्यांनी जकात नाक्यावर ट्रक उभा केला आहे त्यांना विचारा: भरायचे पैसे एक आणि तिथे जाणारा वेळ दुसरा. ब्रिटन-युरोप व्यापारात आता जकात नाही, नाका आहे. सीमाशुल्क संघात मालाचं मूळगाव विचारणारा नाका लागत नाही, कारण बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एकच असतं आणि आत आल्यावर शुल्कासाठी पुन्हा विचारायचं काही उरत नाही. मुक्त व्यापार करारात प्रत्येकाचं बाहेरचं शुल्क वेगळं, म्हणून मालाचं मूळगाव तपासावं लागतं. हा फरक मराठीत बोलणाऱ्या बहुतेकांकडून निसटतो, कारण दोन्हींना आपण सरसकट 'व्यापारी गट' म्हणतो. तोही शब्द जपून वापरावा: 'व्यापारी गट' म्हणजे सोलापुरात टॉवेलवाल्यांची संघटनासुद्धा होऊ शकते. देशांच्या बाबतीत 'व्यापारगट' असा जोडून लिहावा.

टॉवेलचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. संघात असताना ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. तो अधिकार ब्रुसेल्सचा, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचा. बाहेर पडल्यावर आला, आणि २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. भारतीय कापडावर तिथे १२ टक्क्यांपर्यंत जे शुल्क होतं ते त्यात शून्यावर आणायचं ठरलं आहे. सोलापूरच्या टेरी टॉवेलच्या दृष्टीने हा मुद्दा किरकोळ नाही. मात्र यावरून 'ब्रेक्झिट फायद्याचं ठरलं' असं म्हणताना कोणाच्या फायद्याचं ते सांगावं. ब्रिटनसाठी शेजारचा युरोप भारताहून कितीतरी मोठा गिऱ्हाईक आहे.

अर्थकारणात आणखी एक भाषिक चूक फार होते. 'ब्रेक्झिटमुळे ब्रिटनची अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी घटली' असं वाक्य सर्रास ऐकू येतं. हा आकडा तिथल्या 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी' या स्वायत्त संस्थेचा आहे, पण तो घट सांगत नाही. ब्रिटन संघात राहिला असता तर दीर्घकाळात उत्पादकता जिथे पोचली असती, त्याच्यापेक्षा ती सुमारे ४ टक्के कमी राहील, असा तो अंदाज आहे. मराठीत यासाठी 'असता', 'असती' आयतं हाताशी आहे. 'घटली' लिहिलं की वाचक गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करतो आणि अर्थव्यवस्था वाढलेली दिसली की सगळा अंदाजच खोटा ठरवतो. हा अंदाज न पटणाऱ्यांनी आक्षेप घ्यायचा तो त्याच्या गृहीतकांवर घ्यावा. कोविडचा परिणाम यातून वेगळा काढणं अवघड आहे, हा त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचाराच्या लाल बसवर ब्रिटन संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो असं लिहिलं होतं, हाही असाच प्रकार: तो ढोबळ आकडा होता, ब्रिटनला मिळणारी सूट आधी वजा व्हायची ती त्यात धरली नव्हती. ढोबळ आणि निव्वळ यातला फरक बाजारपेठेत बसणाऱ्याला मी काय सांगणार.

'फारकत'ला माझी पूर्ण पसंती, 'काडीमोड'पेक्षाही. काडीमोड म्हणजे काडी मोडली आणि दोघं दोन वाटांना. फारकत मूळची 'फारखत', म्हणजे देणं फिटल्याची, हक्क सोडल्याची लेखी पावती. नवराबायकोच्या विभक्त होण्याला तो शब्द लागू झाला. ब्रिटनने जाताना आधी कबूल केलेल्या खर्चाचा हिशेब मिटवायचा होता, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातल्या सीमेचा प्रश्न सोडवायचा होता, एकमेकांच्या देशांत राहणाऱ्या नागरिकांचे हक्क लिहून द्यायचे होते. मतदान २०१६ ला, प्रत्यक्ष बाहेर पडणं ३१ जानेवारी २०२० ला. कागदपत्रांशिवाय न होणारी ही गोष्ट, म्हणून फारकत.

'स्वातंत्र्य' मात्र नको. बाहेर पडण्याच्या बाजूच्या एका बड्या नेत्याने २३ जूनला स्वातंत्र्यदिन म्हटलं होतं, आणि बाईंच्या स्पर्धेतही एकाने तेच म्हटलं म्हणे. स्वतःच्या संसदेच्या ठरावाने १९७३ मध्ये आत गेलेला आणि नोटीस देऊन बाहेर आलेला देश पारतंत्र्यात नव्हता. ज्या सोलापुरात ब्रिटिशांनी १९३० मध्ये मार्शल लॉ लावला आणि जिथले चार जण १९३१ मध्ये फासावर गेले, त्या शहरात तरी हा शब्द जपून खर्च करावा. 'स्वनिर्णय' किंवा 'नियंत्रण परत घेणं' पुरेसं आहे.

राहता राहिलं लिंग. वर्तमानपत्रांत तिन्ही रूपं सापडतात. मूळ शब्दाच्या शेवटी 'एक्झिट' आहे, आणि 'एक्झिट' आपण रंगभूमीवरून घेतली ती स्त्रीलिंगी: 'त्याने एक्झिट घेतली.' त्या न्यायाने 'ब्रेक्झिट झाली' चुकीचं नाही. पण एखाद्या घटनेचं नाव म्हणून परका शब्द आला की मराठी त्याला बहुधा नपुंसकलिंगात बसवते, आणि माझ्या कानाला 'ब्रेक्झिट झालं' बरं वाटतं. परीक्षकांनी यावरून गुण कापू नयेत.