नाण्यांच्या प्रदर्शनाला जाण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

साताऱ्यात पुढील महिन्यात नाण्यांचे प्रदर्शन भरत असल्याचे समजल्यापासून या सदराकडे आलेली बरीच पत्रे त्याच विषयावरची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रे संक्षिप्त करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी घरातली जुनी नाणी लावून ठेवू लागलो. प्रदर्शनाला मात्र कधी गेलेलो नाही. बरोबर काय न्यावे आणि तिथे कसे वागावे? (सातारा)

उत्तर : अशा प्रदर्शनाचे साधारणपणे दोन भाग असतात. एका भागात संग्राहकांनी आपले संग्रह काचेखाली मांडलेले असतात आणि ती नाणी विक्रीची नसतात. दुसऱ्या भागात विक्रेत्यांची टेबले असतात. नवखा माणूस बहुधा थेट टेबलांकडे वळतो आणि खिसा हलका झाल्यावर काचेकडे येतो. आपण उलट क्रम ठेवावा असा माझा आग्रह आहे, कारण खरे, चांगल्या अवस्थेतले नाणे कसे दिसते हे एकदा सावकाश पाहिले की टेबलावरच्या ट्रेमध्ये हात घालताना आपल्या डोळ्याला काहीतरी आधार मिळतो. पहिल्या दिवशी काहीच विकत न घेता परत आलात तरी तो दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही.

बरोबर दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा आणि आपल्याकडे असलेल्या नाण्यांची वही एवढे पुरे आहे. वही विसरली की घरी असलेलेच नाणे पुन्हा घेतले जाते. विक्रेत्याचे नाणे काट्यावर ठेवण्यापूर्वी त्याला विचारावे. ज्याचा माल चोख आहे तो सहसा नाही म्हणत नाही, आणि जो वजन करू देत नाही त्याच्याकडून निदान चांदीसोन्याचे नाणे घेऊ नये.

नाणे कडेने चिमटीत धरावे, छापावर अंगठा टेकवू नये आणि हात ट्रेच्या वरच ठेवावा, म्हणजे नाणे निसटले तरी फरशीवर आपटत नाही. एका वेळी एकच नाणे हातात घ्यावे. शेजारचे गिऱ्हाईक भावाची बोलणी करीत असेल तर मध्ये बोलू नये, आणि ‘पलीकडच्या टेबलावर हे स्वस्त आहे’ असे ऐकवू नये. स्वस्त असेल तर तिथून घ्यावे. भाव करण्यात गैर काही नाही, पण ठरलेला भाव नंतर मोडणे या व्यवहारात फार वाईट समजले जाते. निवड हवी असेल तर पहिल्या दिवशी सकाळी जावे. शेवटच्या दिवशी दुपारनंतर मात्र विक्रेते परतीचे ओझे कमी करण्यासाठी भाव थोडा सैल सोडतात. महागाच्या नाण्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर नाण्याचे वर्णन, वजन आणि खोटे निघाल्यास परत घेण्याची अट लिहून घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात व ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशी नातेवाइकांना भेट देण्यासाठी अशी खरेदी करू नये.

प्रश्न : आजीच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या एक शिवराई पूजेत आहे. ती महाराजांच्या हयातीतलीच असेल का? प्रदर्शनात आणखी एक घ्यायचा विचार आहे. खरी कशी ओळखावी? (कोरेगाव)

उत्तर : आपल्या पत्राबरोबरच्या छायाचित्रात एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ ही अक्षरे ओळखता येतात, त्यामुळे ती शिवराई आहे हे नक्की. हयातीबद्दल मात्र सावध राहावे लागेल. १६७४ च्या राज्याभिषेकाशी शिवराईचे नाते जोडले जाते ते योग्यच आहे, पण महाराजांच्या नावाचा हा तांब्याचा पैसा त्यांच्यानंतरही, शाहू छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, अनेक टांकसाळींतून पडत राहिला आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होता. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली तरी आपल्या भागातल्या आठवडी बाजारांतून शिवराई लगेच गेली नाही. अक्षरओळींच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर पेशवाईच्या उत्तरार्धातली आणि त्यानंतरची आहे, व ती जुन्या शिवराईपेक्षा सहसा हलकी असते. तेव्हा शिवराई म्हणजे महाराजांनी स्वतः पाडलेले नाणे असे प्रत्येक वेळी समजू नये, आणि तसे सांगून कुणी दुप्पट भाव मागितला तर आधी रेघा पाहाव्यात.

खऱ्याखोट्याची परीक्षा अक्षरांच्या शुद्धलेखनावर करता येत नाही. शिवराईवर ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी अनेक रूपे सापडतात, कारण ठसे कोरणारे हात वेगवेगळे होते. उपयोगी पडते ती पाडण्याची पद्धत. तांब्याची ओबडधोबड चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर घण मारला जाई आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे खऱ्या शिवराईवर एखादे अक्षर कडेला तुटलेले, छाप एका अंगाला सरकलेला आणि कड ओबडधोबड असणे अगदी स्वाभाविक आहे. सगळी अक्षरे मधोमध, भोवतीची ठिपक्यांची किनार संपूर्ण, आणि अशीच पाच नाणी एका ट्रेमध्ये दिसली तर ती साच्यात ओतलेली असण्याची शक्यता धरावी. भिंगाखाली ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कधी कधी कडेवर साच्याच्या जोडाची रेघ घासून काढल्याची खूण सापडते. जुन्या शिवराईचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरते. झिजलेले नाणे कमी भरेल, पण फार मोठा फरक संशयास्पद आहे. एकाच ट्रेमधल्या दोन शिवराया शेजारी ठेवून पाहाव्यात: हाताने पाडलेल्या दोन नाण्यांत छाप सारख्याच ठिकाणी सरकलेला आणि चकतीलाही सारखीच चीर, असे घडणे जवळजवळ अशक्य असते. तसे दिसले तर दोन्ही खाली ठेवावीत.

सोन्याच्या शिवकालीन होनाबद्दल आपण विचारले नाही, पण इतर पत्रांत विचारणा आहे म्हणून सांगतो. सुमारे पावणेतीन ग्रॅमचे हे नाणे अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला विपुल आहेत. प्रदर्शनातल्या टेबलावर परवडणाऱ्या भावात होन मिळत असेल तर तो आठवण म्हणून घ्यावा, शिवकालीन म्हणून नव्हे.

शिवरायांच्या शेजारी आपल्याला फारसी अक्षरांचे मराठी रुपये दिसतील. ते पाहून गोंधळू नये. पेशवाईतले अंकुशी, चांदवडी असे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडले जात, आणि मिरजेच्या टांकसाळीच्या नाण्यांवर गावाचे नाव ‘मुर्तजाबाद’ असे येते. लोकांचा विश्वास ओळखीच्या छापावर होता आणि सराफ प्रत्येक रुपयावर वेगळा बट्टा (बदलून देताना केलेली कपात) कापत असे, तेव्हा चलनात रुळलेला छाप बदलणे व्यापाराला सोयीचे नव्हते. छपाई अर्धवट असल्याने या रुपयांवर टांकसाळीचे चिन्ह पूर्ण दिसणे हीच मोठी गोष्ट असते, आणि माझ्या मते शिवराईच्या गर्दीत दुर्लक्षित राहिलेला हा आपल्या भागातला सर्वांत गोडीचा विषय आहे.

प्रश्न : आमचे घराणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यातले. जुने चांदीचे रुपये बरेच साठले आहेत. ते मोडीत घालावेत की संग्राहकांना विकावेत? (विटा)

उत्तर : विट्याच्या माणसाला चांदीचा कस मी सांगणे म्हणजे धाडसच आहे. तरी हिशेब असा आहे की राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतच्या प्रमाण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे त्या रुपयात सुमारे ५.८३ ग्रॅम चांदी उरली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. शुद्ध निकेलला लोहचुंबक ओढतो, म्हणून चुंबकाला चिकटला एवढ्यावरून १९४७ चा रुपया खोटा ठरवू नये.

झिजलेल्या, सर्वसाधारण सालांच्या रुपयांचा भाव चांदीच्या आसपासच राहतो. त्यांचे काय करायचे ते आपण ठरवावे. मात्र गलाईत टाकण्यापूर्वी सालाप्रमाणे वेगळे करण्याचे कष्ट घ्यावेत. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने ते नाणे मागे घेण्यात आले, आणि त्यामुळे त्याला संग्राहकांत मागणी आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहूनही दुर्मीळ आहे, पण १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीरही आहेत, म्हणून सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली पाहावा. प्रदर्शनात विकताना पोते उघडू नये. वेगळी काढलेली मोजकी नाणी दोन-तीन टेबलांवर दाखवून भाव विचारावा आणि विक्रेत्याने सांगितलेली किंमत त्याच्या विक्रीच्या किमतीपेक्षा कमी असणार हे धरून चालावे. मधल्या फरकावरच त्याचे घर चालते.

प्रश्न : विहीर खोदताना मडक्यात चांदीची नाणी मिळाली आहेत. प्रदर्शनात त्यांची किंमत करून घ्यावी का? (मिरज तालुका)

उत्तर : नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि ती न देता विक्री केल्यास हक्क तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. तहसील कार्यालयात आजच अर्ज द्यावा. पुरलेल्या ठेव्याचा मालक सिद्ध झाला नाही तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यात आहे, आणि सरकारला ठेवा घ्यायचा असेल तर धातूची किंमत व त्यावर तिचा पाचवा हिस्सा इतकी रक्कम दिली जाते. पत्रावरून विहिरीची जमीन आपलीच दिसते.

मडके, खोली आणि सर्व नाणी एकत्र राहणे याला वेगळेच मोल आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला आढळला. नहपानाचा पाडाव कोणी केला याचा इतका सरळ पुरावा, ती नाणी चार सराफांकडे पांगली असती तर उरला नसता. म्हणून नाणी घासू नका, वाटू नका आणि मडक्याचे तुकडेही टाकू नका.

प्रश्न : राम, लक्ष्मण, सीता व हनुमान असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेले तांब्याचे नाणे माझ्याकडे आहे. मोबाइलवर त्याची किंमत लाखांत सांगतात. (कराड)

उत्तर : कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. ते देवस्थानच्या टाकाच्या जातीचे, अलीकडचे काम आहे. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही. तांदूळ ओढून घेणारे नाणे, वैष्णोदेवीच्या छापाचे पाच रुपयांचे नाणे लाखाला, हे त्याच माळेतले मणी आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही व तसे कुणाला अधिकारही दिलेले नाहीत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा ‘नोंदणी शुल्क’ म्हणून एक रुपयाही पाठवू नये.

प्रश्न : मी नववीत आहे. खाऊच्या पैशात काय गोळा करता येईल, आणि नाणी कशी ठेवावीत? (सांगली)

उत्तर : सुट्ट्या पैशांतूनच सुरुवात कर. नाण्यावर सालाखाली मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट किंवा ठिपका, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते. मुंबई आणि नोएडा यांच्या ठिपक्यांचा गोंधळ कसा सोडवायचा हे प्रदर्शनातल्या एखाद्या आजोबांना विचार. ते आनंदाने अर्धा तास सांगतील. एकाच किमतीच्या नाण्याची सर्व साले आणि चारही टांकसाळी जमवणे स्वस्त आहे, सोपे मात्र नाही. त्याला १९९९ ची छत्रपती शिवाजी महाराज आणि संत ज्ञानेश्वर यांची स्मारक नाणी जोड. १९५७ ते १९६४ या काळातले ‘नये पैसे’ लिहिलेले पैसे आणि १९४३ पासूनचा भोकाचा पैसाही टेबलांवर थोडक्यात मिळतो.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नाण्याला लावायचे नाही, कारण चकाकी आली की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते आणि गेलेला रंग परत येत नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून खिडकीचे पुठ्ठे (नाणे दिसावे म्हणून मध्ये पारदर्शक गोल असलेले, पिनांनी जोडायचे) किंवा कडक प्लॅस्टिकच्या डब्या वापर आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाक. सांगलीत राहतोस, तेव्हा अल्बम खालच्या कपाटात ठेवू नकोस. २०१९ च्या पुरात ज्यांचे पुठ्ठे भिजले त्यांची नाणी गाळापेक्षा पुठ्ठ्याच्या ओलीने आणि गंजलेल्या पिनांनी अधिक डागाळली. तसे कधी झालेच तर नाणी आधी पुठ्ठ्यातून मोकळी करायची, बॅटरीसाठी मिळते त्या शुद्ध पाण्यातून काढायची आणि न घासता सुती कापडावर वाळू द्यायची.