दोन वर्षं एलटीआय शून्य आहे, मग कंपनीतली सेफ्टी आणखी कशी मोजायची आणि सुधारायची?

तुम्ही लिहिलंय की ३०० माणसं आहेत, दोन वर्षांत एकही लॉस्ट टाइम अपघात (एलटीआय, म्हणजे ज्यात जखमी माणूस पुढे कामावर येऊ शकत नाही) नाही, आणि आता साहेबांना सुधारणा आकड्यात हवी आहे. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत १९ वर्षं ओएचसीत, म्हणजे कंपनीतल्या दवाखान्यात, नर्स होते, त्यामुळे आधी मीच विचारते, तुमचं ड्रेसिंग रजिस्टर, म्हणजे मलमपट्टीच्या नोंदींची वही, सेफ्टीवाल्यांनी शेवटचं कधी उघडलं?

शून्यावर माझा विश्वास नाही, कारण तो कसा राखतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गेटवर बोर्ड होता, अपघाताशिवाय किती दिवस झाले त्याचा, सिक्युरिटीवाला रोज सकाळी आकडा बदलायचा. ३४० च्या पुढे गेला होता तेव्हा ठेकेदाराच्या एका हेल्परची डाव्या हाताची दोन बोटं पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनच्या क्लॅम्पखाली चेंगरली, हात आत जाऊ नये म्हणून असलेला पुढचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला. मीच पट्टी बांधून हॉस्पिटलला पाठवला, दोन्ही बोटांना फ्रॅक्चर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा टाइम ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, हात गळ्यात अडकवलेला. ठेकेदारानं घणसोलीहून रिक्षानं आणून बसवला होता. उजव्या हातानं पंचिंग करून घेतलं, हजेरी लागली, झालं, लॉस्ट टाइम नाही. ४८ तास कामाबाहेर राहिला असता तर फॅक्टरी ॲक्टच्या कलम ८८ खाली कळवावं लागलं असतं, तेही टळलं. चहाच्या वेळेला बिचारा बिस्किटाचा पुडा दातानं फोडत होता. मला रजिस्टरला 'किरकोळ जखम' लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. ते अजून मला खातं.

त्यानंतर मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं की ड्रेसिंगच्या नोंदी जरा बघा, त्यात सगळं दिसतं. उत्तर मिळालं, "सिस्टर, तुम्ही पट्टीचं बघा, सेफ्टीचं आम्ही बघतो." मग मी घरी नेऊन तीन महिन्यांच्या नोंदी वहीत मांडल्या, कुठला विभाग, कुठली शिफ्ट, शरीराचा कुठला भाग. डोळ्यात कण गेल्याच्या केसेस जवळजवळ सगळ्या ग्राइंडिंगच्या, आणि त्याही सेकंड शिफ्टच्या. एक दिवस ड्युटी संपल्यावर मुद्दाम थांबून बघून आले. सगळ्यांचे गॉगल कपाळावर. का, तर घामानं काचेवर वाफ धरते आणि काही दिसत नाही, कारण एक्झॉस्ट फॅनचा पट्टा तुटलेला आणि मेंटेनन्सचा माणूस जनरल शिफ्टलाच येतो. पट्टा बदलला, वाफ न धरणारे गॉगल आणले, आठवड्याला चार-पाच केसेस यायच्या त्या महिन्याला एखाद-दुसरी झाली. वर्षानुवर्षं 'गॉगल घाला'ची पोस्टरं लावून जे झालं नव्हतं ते एका पट्ट्यानं झालं.

आता तुमचा आकडा. एलटीआयएफआर म्हणजे लॉस्ट टाइम अपघात गुणिले १० लाख भागिले एकूण मनुष्यतास. ३०० माणसं, ८ तास, ३०० दिवस, म्हणजे ७ लाख २० हजार तास. एक अपघात झाला की १.३९, नाही झाला की शून्य. एवढ्या छोट्या कंपनीत यावरून सुधारणा काय कळणार? त्यात अमेरिकन पद्धतीत २ लाख तासांवर काढतात, तो आकडा याच्याशी लावू नका. आणि ठेकेदारांचे तास भागाकारात धरायचे पण त्यांच्या जखमा सोडून द्यायच्या हे करत असाल तर ती फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही.

त्यापेक्षा फर्स्ट एडच्या केसेस विभागवार मोजा, निअर मिस, म्हणजे थोडक्यात हुकलेले अपघात, मोजा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामगारानं सांगितलेली अडचण किती दिवसांत दुरुस्त झाली ते मोजा. बोनस शून्य अपघातावर असेल तर आधी तो काढा, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. पहिल्या वर्षी नोंदी वाढतील, साहेबांना ते आधीच सांगून ठेवा.

एक राहिलं, हे सगळं हातापायाच्या जखमांपुरतं. सॉल्व्हंट, गॅस, प्रेशर व्हेसल (दाबाखालची टाकी) असेल तर ड्रेसिंग रजिस्टर तुम्हाला स्फोटाबद्दल काही सांगणार नाही. २००५ साली टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोटात १५ माणसं गेली, आणि तिथले जखमांचे आकडे त्याआधी चांगलेच दिसत होते. अशा कंपनीत जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचं टेस्टिंग किती थकलंय, कुठले अलार्म बायपास करून ठेवलेत, हे वेगळं मोजावं लागतं, ते त्यातल्या माणसाला विचारा, माझं क्षेत्र नाही ते.

आणि सेफ्टी कमिटीच्या पुढच्या मीटिंगला तुमच्या नर्सला किंवा फर्स्ट एड बघणाऱ्याला रजिस्टर घेऊन बसवा. मला १९ वर्षांत एकदाही बोलावलं नाही.