यूकेत सरकारी आकडेवारी शिकायला यावं का? ऐरोलीच्या एकीला उत्तर

तुझा मेसेज येऊन बरेच दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा ते तुझ्यापेक्षा माझ्याबद्दलच जास्त व्हायला लागलं, म्हणून ठेवून दिलं. आताही तसंच होणार आहे, पण निदान पूर्ण तरी करते.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात: एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालंय, ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये विमा कंपनीचे डॅशबोर्ड करून कंटाळा आलाय, सरकारी आकडेवारीत करिअर करायचंय. त्यासाठी यूकेत ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स फॉर गव्हर्नमेंट’ किंवा त्याच्या जवळपासचं मास्टर्स करावं का? वय अठ्ठावीस. नवरा आणि चार वर्षांची मुलगी. एकटेपणा फार जाणवतो का?

व्हिसाची फी, बँकेत पैसे किती दिवस पडून असायला हवेत, टीबीची तपासणी कुठे, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि ठाणे स्टेशनच्या आसपासचा कुठलाही एजंट तुला ते चहा पाजून सांगेल. ते मी लिहीत नाही.

आधी अभ्यासक्रमाबद्दल, कारण याबाबत तुझा गैरसमज आहे असं वाटतं. हा अभ्यासक्रम इथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने, ओएनएसने, काही विद्यापीठांना बरोबर घेऊन आखला. (ओएनएसचं मुख्यालय लंडनला नाही, वेल्समधल्या न्यूपोर्टला आहे. २०१७ साली त्यांचा डेटा सायन्स कॅम्पसही तिथेच सुरू झाला. घरभाड्याचा हिशोब लंडनचा करू नकोस.) सर्वेक्षणाची मूलतत्त्वं, सरकारी कामातली सांख्यिकी, आर आणि पायथन असं सगळं त्यात येतं आणि शिकवतात उत्तम. पण तो मुळात आधीच सरकारी खात्यात असलेल्यांसाठी बेतलेला आहे. मी केलं ते मास्टर्स याच जातीचं होतं. वर्गातले बरेच जण खात्यांनी पाठवलेले, फी खात्याची, कोर्स संपला की सोमवारी आपल्या टेबलावर परत. त्यांच्यासाठी ती बढतीची पायरी होती. आम्हा दोघा-तिघा बाहेरच्यांसाठी ते दार असेल असं आम्हाला वाटत होतं.

दाराचं गणित असं आहे. भारतीय पासपोर्ट असला म्हणून इथली सिव्हिल सर्व्हिस बंद नसते. आपण कॉमनवेल्थमधले, त्यामुळे ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेल्या जागांना अर्ज करता येतो, मात्र काम करण्याचा हक्क हातात हवा. जाहिरातीच्या अगदी तळाशी जा. तिथे बऱ्याचदा एक ओळ असते की व्हिसा प्रायोजित केला जाणार नाही. तिच्या वर-खाली सुरक्षा तपासणीची ओळ. सीटीसी (काउंटर-टेररिस्ट चेक) म्हणून जी पातळी आहे तिला साधारण तीन वर्षांचं यूकेतलं वास्तव्य मागतात, त्यावरच्या एससी (सिक्युरिटी चेक) पातळीला पाच. प्रत्येक पदाला ही तपासणी लागत नाही, पण ज्या कामांत माणसांची मूळ माहिती हाताळायची असते तिथे ती वारंवार दिसेल. आता तुझा हिशोब कर. मास्टर्स एक वर्ष. त्यानंतर इथेच राहून काम करता येतं तो ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना अठरा महिनेच मिळणार. झाली अडीच वर्षं. तीनसुद्धा नाहीत. विद्यापीठांची माहितीपत्रकं पदवीनंतरच्या संधींवर पानं भरभरून लिहितात, ही वजाबाकी कोणी करून दाखवत नाही.

दुसरे देश म्हणशील तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारी नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी नागरिकत्वच लागतं, कॅनडात नागरिक आणि कायम रहिवासी यांना आधी घेतात. सरकारं आपली माणसं मोजायला आपलीच माणसं ठेवतात, आणि मला तरी त्यात गैर वाटत नाही. आपणही तेच करतो.

मी स्वतः त्या दारातून गेलेच नाही. २०१८ साली मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा नवरा आणि मुलगा माझ्या व्हिसावर होते. कोर्स संपला तेव्हा ग्रॅज्युएट व्हिसा नव्हताच, तो २०२१ मध्ये आला. नवऱ्याला आयटीत प्रायोजक मिळाला आणि मी त्याच्या व्हिसावर गेले. कागदावर ‘डिपेन्डन्ट’. ज्या बाईच्या नावाने हे कुटुंब विमानात बसलं तिला पुढे प्रत्येक फॉर्मवर तो शब्द लिहावा लागला. नवरा बिचारा काही म्हणाला नाही, पण फॉर्म म्हणायचाच. आज मी साउथ वेल्समध्ये एका सार्वजनिक आरोग्य संस्थेत आकडेवारीचं काम करते. काम चांगलं आहे. मिळालं ते मास्टर्समुळे थोडं आणि इथे वर्षं काढली म्हणून जास्त.

ठाण्यात मी एका सरकारी कार्यालयात सांख्यिकी सहायक होते, हे तुला माहीत नसावं. अध्ययन रजेचा अर्ज टाकला होता. १९८१च्या रजा नियमांत तशी तरतूद आहे, बंधपत्र द्यायचं, परत येऊन सेवा करायची. मला परतच यायचं होतं. माझी फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली, तिथे त्रुटी निघाली, परत आली. विद्यापीठाचं पत्र मूळ हवं. मग त्याचं मराठी भाषांतर हवं. मग सदर अभ्यासक्रमाचा कार्यालयीन कामाशी संबंध काय, याची टिपणी मागितली. आकडेवारीचं काम करणाऱ्या बाईने आकडेवारी शिकायला जाण्याचा संबंध काय! टिपणी दिली. साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, मॅडम, पहिल्यापासून बघावं लागेल. तिकडे विद्यापीठाची तारीख जवळ आली आणि मी राजीनामा दिला. त्याला मात्र एकही त्रुटी निघाली नाही, झटकन मंजूर झाला.

तुझ्यासाठी यातला उपयोगाचा भाग: नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, पदवीवर तेच, पासपोर्टवर लग्नानंतरचं, आणि कुठेतरी मधलं नाव वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. माझ्या बाबतीत हे चार कागद चार बायकांचे वाटत होते. राजपत्रात नावबदल करून ठेव, आत्ताच. ट्रान्सक्रिप्टचे जादा सीलबंद संच काढून ठेव. पुढे लांबून काढायला गेलीस तर कोणाला तरी खिडकीसमोर उभं करावं लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपले म्हातारे वडील असतात. माझे बाबा उभे राहिले. सरकारी नोकरी सोडल्याबद्दल ते माझ्याशी नीट बोलत नव्हते त्या काळात.

बाबा खटाव तालुक्यातले. त्यांच्यासाठी सांख्यिकी म्हणजे पां. वा. सुखात्मे, तिथल्याच बुध गावचे, म्हणजे जवळजवळ आमच्या घरचेच. लंडनला शिकले, परत येऊन पीक कापणीच्या नमुना पाहण्या उभ्या केल्या, मग रोमला एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, सांख्यिकी विभाग चालवला आणि शेवटी पुण्यात येऊन राहिले. बाबा हे मला विमानतळावर सांगत होते. शेवटच्या वाक्यावर जोर देऊन.

आता शाळा. तू विचारलेलं नाहीस, पण मी सांगणार आहे. आम्ही आलो ते शाळा सुरू झाल्यावर. घराजवळच्या शाळेत जागा नाही, यादीत नाव लावा, म्हणून काउन्सिलचं पत्र आलं. मुलगा कित्येक आठवडे घरी, मी लायब्ररीत, नवरा त्याला घेऊन बागेत. मग दोन बस बदलून जायची एक शाळा मिळाली. माझा मुलगा ठाण्यात इंग्रजी शाळेच्या शिशुवर्गात वाचायला लागला होता. इथे त्याला न वाचवताच सगळ्यात खालच्या वाचनगटात बसवलं, कारण घरची भाषा इंग्रजी नाही. वर्ष गेलं त्यात. बरं, घरची भाषा कोणती? मी फॉर्मवर मराठी लिहिलं होतं. शाळेच्या नोंदीत आलं हिंदी. वेल्समध्ये दरवर्षी शाळांतून विद्यार्थ्यांची गणना होते, ती नोंद तिथे जाते. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, दुरुस्त करा. तिथल्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, काळजी करू नका, ते फक्त आकडेवारीसाठी असतं.

फक्त आकडेवारीसाठी. मी मेल लिहिल्या, एकदा प्रत्यक्ष जाऊन उभी राहिले. पुढच्या वर्षीही हिंदी. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, वेल्श छान बोलतो (इथे सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत ती सक्तीची आहे), मराठी समजतो आणि इंग्रजीत उत्तर देतो, आणि त्याला या नोंदीचं काहीही वाटत नाही. मला वाटतं. एखाद्या तक्त्यात संख्या फार लहान असली की माणूस ओळखू येऊ नये म्हणून आम्ही आकड्याच्या जागी तारा (*) टाकतो. तो टाकताना दर वेळी मनात येतं, या ताऱ्याखालची नोंद तरी बरोबर आहे का? मार्च २०२१ची जनगणना आली तेव्हा मुख्य भाषेच्या रकान्यात मी मराठी लिहिलं आणि पाठवण्याआधी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, आता झोप.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. गणपतीला मराठी माणसं जमतात आणि मोदकाच्या उकडीवरून भांडतात, त्यात बराच निघून जातो. पुढे.

खरं सांगायचं तर मला एकटेपणापेक्षा दुसरं खटकतं, आणि ते तुझ्या करिअरशी थेट संबंधित आहे. ठाण्यात जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनाचे तक्ते हातात आले की कुठला आकडा खोटं बोलतोय ते मला वासावरून कळायचं. नवी मुंबई म्हणताना कोणी ऐरोली-वाशी धरलंय की खारघरही त्यात घातलंय, जे रायगड जिल्ह्यात मोजायचं असतं. २०११ला ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांवर. २०१४ला पालघर वेगळा झाला आणि जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्यांची जी तारांबळ उडाली ती अजून आठवते. ठाण्याजवळच्या दिव्यात दार बंद असलं म्हणजे घर रिकामं नसतं, माणसं पहाटेच्या लोकलने गेलेली असतात. हे कुठल्या मास्टर्समध्ये शिकवत नाहीत. इथे मला तंत्र सगळं येतं, आणि एखाद्या दरीतल्या जुन्या खाणगावाचा आकडा विचित्र दिसला की मी शेजारच्या टेबलावरच्या वेल्श सहकाऱ्याला विचारते. तो लगेच सांगतो, कारण त्याची आजी तिथली. आता थोडं थोडं मलाही कळायला लागलंय. पण थोडंच.

आणि इकडे सगळं सुरळीत आहे असं समजू नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रमबल सर्वेक्षणाला लोक इतके कमी उत्तरं द्यायला लागले की ओएनएसला त्यावरचे नेहमीचे आकडे काही काळ थांबवावे लागले. माणूस दार उघडत नाही तेव्हा काय करायचं, हा प्रश्न इथेही तोच.

तुझ्या जागी मी काय केलं असतं, असं विचारशील. भारतीय सांख्यिकी सेवेची यूपीएससी परीक्षा तिशीच्या आत द्यावी लागते (आरक्षणात सवलत आहे ती वेगळी). तू अठ्ठावीस. यूकेहून परत येशील तेव्हा ती खिडकी बंद झालेली असेल. रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी विभाग आहे, त्याची ग्रेड बी भरती वेगळी असते. आणि तुझ्यापासून खाडी ओलांडली की देवनारला आयआयपीएस, लोकसंख्या विज्ञानाची संस्था, १९५६पासून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या तिथून चालतात, सर्वेक्षण संशोधन आणि डेटा अ‍ॅनालिटिक्सचं मास्टर्सही आहे. ऐरोलीहून ठाण्याला उलटं जाऊन मेट्रोची खोदकामं चुकवत घोडबंदरला पोचायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात तू तिथे पोचशील. २०२७च्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च आहे. त्यातून जो माल बाहेर पडेल त्यावर पुढची दहा वर्षं काम आहे आणि तो वाचणारी माणसं कमी पडणार आहेत. माझ्या आईचं घर त्यात येईल. मी येणार नाही, सहा महिन्यांहून जास्त बाहेर असणाऱ्याला धरत नाहीत. नियम बरोबर आहे. मी असते तर मीही तोच लावला असता.

एवढं लिहूनही यायचंच म्हणत असशील तर येऊ नको असं मी म्हणणार नाही. शिक्षण खरंच चांगलं आहे, आणि माझ्यासारखीने दुसऱ्याला थांबवणं शोभतही नाही. फक्त फी भरायच्या आधी ऑफर लेटर आणि विषयांची यादी मला पाठव. सर्वेक्षणाचा विषय त्यात नसेल आणि नुसतं मशीन लर्निंग असेल तर ते सरकारी आकडेवारीचं मास्टर्स नाही, नाव काहीही असो.

आणखी एक गोष्ट तुझ्या मेसेजात नाही. जानेवारी २०२४पासून शिकवणीच्या (म्हणजे संशोधनाच्या नसलेल्या) मास्टर्सला येणाऱ्यांना नवरा-मुलं बरोबर आणता येत नाहीत. मला आणता आली होती. ते वर्षभर तुझी मुलगी कोणाकडे राहील, तुझ्या आईकडे की सासूबाईंकडे, आणि त्या दोघींना हे सांगितलंय का? आधी ते कळव. शनिवारी तुमच्या दुपारी मी मोकळी असते, फोन कर.