आधी मशीन सोडा, नोकरीचं मग बघू

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातला मजकूर थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. वय 46, आयटीआय टर्नर, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 17 वर्षं कायम कामगार, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) तिन्ही पाळ्या. कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ चार वर्षांपासून आहे. दोन वर्षांपूर्वी मणक्यातल्या सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन झालं, नसेवरचा दाब निघाला, पण पायाची आग आणि करंट बसल्यासारखे झटके गेले नाहीत. रात्री प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्याची गोळी घेता, सकाळी डोकं जड असतं. लेक बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. ती म्हणते, ‘पप्पा, तुम्ही घरी बसा, मी कुठेतरी नोकरी धरते.’ आणि तुम्ही विचारता, तिचं इंजिनिअरिंग होईपर्यंत चार वर्षं कसंतरी ताणू, की आताच राजीनामा टाकू?

माझं स्पष्ट मत सांगतो. आज राजीनामा देऊ नका, आणि चार वर्षं मशीनवर ताणूही नका. मशीन सोडण्याची वेळ आली आहे. नोकरी सोडण्याची आली आहे की नाही, ते पुढच्या काही महिन्यांत कळेल. तुम्ही या दोन गोष्टी एकच धरून चालला आहात, म्हणून निर्णय एवढा अवघड वाटतो.

मशीनबद्दल इतकं ठाम का बोलतो? पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात : डावा तळपाय बधिर असतो, बाईकचा गिअर पडला की नाही ते आवाजावरून ओळखता. भाऊ, मला तुमच्या वेदनेपेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटली. बधिर पाय, सकाळची गुंगी आणि समोर फिरणारा मशीनचा चक. इथे ‘अजून किती सहन होईल’ हा हिशेबच लागू होत नाही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ही औषधं अचानक थांबवली तर वेगळेच त्रास उभे राहतात. डॉक्टरांना फक्त ‘दुखतं’ एवढं सांगून परत येऊ नका. तिन्ही पाळ्या असतात, रात्रपाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ उलटते, समोर काय काम असतं, पाय कुठवर बधिर आहे, बाईकवरून जाता, हे सगळं सांगा. आणि पाऊल उचलताना घसटायला लागलं, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय असं वाटलं किंवा जांघेत बधिरपणा आला, तर पाळी संपायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

सुपरवायझरना हे नाटक वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. नसेच्या दुखण्याचा हा फार मोठा जाच आहे. दाब निघाला तरी दुखावलेली नस चुकीचे संदेश पाठवत राहू शकते, आणि ते एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही. वरून पाय धडधाकट दिसतो. म्हणून तोंडी वाद घालू नका, कागद तयार करा. डॉक्टरांकडून ‘जड काम नको’ असं मोघम लिहून घेण्यापेक्षा रात्रपाळी नको, सलग इतका वेळ उभं राहणं नको, इतक्या किलोवर उचलणं नको, फिरत्या यंत्रावर काम नको, असं नेमकं लिहून घ्या. ते जोडून कंपनीला काम बदलून देण्याचा अर्ज करा आणि पोच घ्या. 17 वर्षं टर्निंग केलेल्या माणसाचा हात मायक्रोमीटरवर बसलेला असतो. इन्स्पेक्शन, गेज कॅलिब्रेशन, टूल स्टोअर, नव्या पोरांना सेटिंग शिकवणं, या जागा कंपनीलाही उपयोगाच्या आहेत. एक लक्षात ठेवा, बसून करायचं काम म्हणजे सोपं काम, असं समजू नका. कमरेच्या नसेचं दुखणं सलग बसूनही भडकतं. मधूनमधून उठता येईल असंच काम मागा.

बदली मिळेपर्यंत काय? तुमच्या पगारातून ई.एस.आय. (कामगार विमा) कापला जातो, म्हणजे तुमच्याकडे एक हत्यार आहे आणि तुम्ही ते वापरलेलंच दिसत नाही. आजारपणाच्या रजेत, वर्गणीचे दिवस पुरे भरलेले असतील तर, वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत मणक्यातली चकती सरकणंही आहे. तुमची केस त्यात बसते असं ई.एस.आय.च्या डॉक्टरांनी ठरवलं, तर 80 टक्के आणि मुदतही बरीच लांब. हा लाभ चालू असताना नोकरीला काय संरक्षण आहे, तेही ई.एस.आय.च्या कार्यालयात विचारून घ्या. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात ऑपरेशनचे कागद घेऊन जा आणि ‘दीर्घ आजाराचा लाभ’ (एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट) हे नाव घेऊनच विचारा. रजा मागणं म्हणजे हार, हे मनातून काढा. तुमच्याही पैशातून भरलेला विमा आहे तो.

आता नोकरी कधी सोडायची? तारीख मी देऊ शकत नाही. मुलीच्या डिग्रीची तारीख तर मुळीच धरू नका, तुमच्या नसेला तिचं वेळापत्रक माहीत नाही. बदललेल्या कामावर साधारण दोन-तीन महिने एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी : रात्री झोप किती लागली, कामात चूक किंवा रिजेक्शन झालं का, घरी आल्यावर जेवण सोडून काही करण्याचं त्राण उरलं का. आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी पाय कसा आहे, ते वेगळं लिहा. सुट्टीने थोडं तरी भरून निघत असेल, तर काम चालू ठेवता येतं. काम हलकं झालं, औषध बसवून झालं, रजा घेऊन झाली, तरी प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा खालीच जात असेल, तर थांबायची वेळ झाली. मग अमुक पगारवाढीपर्यंत, तमुक बोनसपर्यंत असं करत बसू नका. माणूस पूर्ण कोसळून घरी आला, की दुसरं काही शिकायची ताकदही उरत नाही. ती ताकद शिल्लक असतानाच बाहेर पडायचं.

बाहेर पडतानाही घाईत कागद लिहू नका. साधा राजीनामा आणि मुदतपूर्व निवृत्ती यांत ई.एस.आय.च्या दृष्टीने फरक आहे. किमान पाच वर्षं विमाधारक राहून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्याला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःला आणि बायकोला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. अर्ज लिहिण्यापूर्वी शाखा कार्यालयात शब्द तपासून घ्या. ग्रॅच्युइटी तुमची पक्की आहे : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 धरले, तर 17 वर्षांचे सुमारे 1 लाख 47 हजार होतात. पीएफची पेन्शन 58 व्या वर्षी पूर्ण मिळेल. 50 नंतर लवकर घेतली तर कमी पडणाऱ्या दर वर्षामागे 4 टक्के कपात. ती लवकर उचलू नका, असं मी म्हणेन. पुढे शिकवण्याकडे वळायचं मनात असेल तर आयटीआय निदेशकासाठीचा (तिथल्या शिक्षकासाठीचा) सीआयटीएस अभ्यासक्रम बघा, आणि राहिलेली पदवी गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून करता येते.

राहिला लेकीचा प्रश्न, आणि इथे मी तुमच्यापेक्षा तिच्याशीच बोलतो. बाळा, तुझ्या मनात वडिलांबद्दल जे आहे ते खरं आहे, पण कॉलेज सोडून तू आणशील तो पगार या घराची घडी बसवणार नाही. बारावीनंतरची नोकरी पाचेक वर्षांनीही जवळपास तिथेच असते. 2024-25 पासून महाराष्ट्रात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) हवा. मॅनेजमेंट कोट्यात आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात ही सवलत नाही. डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, बसचा पास हे उरतं. नाशिकमधलंच कॉलेज घेतलंस तर होस्टेलचा खर्च वाचतो. हातभार लावायचाच असेल तर घरी लहान मुलांच्या शिकवण्या घे, पण पूर्णवेळ नोकरी नको.

भाऊ, उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रिमीलेअर, जे तुम्हाला लागू असेल ते, आताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी होते आणि कॅपच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. रांगेत तुम्ही उभे राहू नका. ते काम लेकीला करू द्या.