1966 ची फोर्डची व्ही-8 (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) मस्टँग गाडी घेतली आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी काय बदलावे?

आधी ब्रेक बदलावेत; कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट यांचा विचार त्यानंतर करावा. याचे कारण गाडीच्या मूळ रचनेतच आहे: 1966 पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागाला) एकच कप्पा असे, त्यामुळे एका चाकाकडची रबरी नळी फुटली तरी दाब सगळीकडचाच जातो आणि पेडल थेट तळाला टेकते. फोर्डने 1967 पासून दोन कप्प्यांचा सिलिंडर दिला. निदान तेवढा बदल तरी, गाडी कितीही हळू चालवणार असलात तरी, करून घ्यावाच. शिवाय ड्रम ब्रेक लागोपाठ जोरात वापरले की तापून पकड सोडतात, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणे श्रेयस्कर. मागे ड्रमच ठेवणार असाल, तर तिकडचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवा, नाहीतर जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. ड्रमवरचे जुने 14 इंची रिम डिस्कच्या कॅलिपरवर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागावर) बसतीलच असे नाही. डिस्क ब्रेकचे किट मागवण्यापूर्वी तपासावे. मात्र ड्रायव्हरच्या दारावरील पाटीवरच्या, कारखान्याने दिलेल्या गाडी क्रमांकात पाचव्या जागी ‘के’ हे अक्षर असेल, तर ती कारखान्यातूनच 271 अश्वशक्तीचे 289 घनइंची इंजिन घेऊन आलेली गाडी आहे. तिचे मोल मूळपणावर ठरते, तेव्हा कापाकापी किंवा वेल्डिंग लागणारे किट टाळावे आणि काढलेला प्रत्येक भाग, गंजलेल्या ड्रमसकट, जपून ठेवावा.