चामडं उलटून बघा

वाचकांचे प्रश्न : रीएनॅक्टमेंटसाठीच्या (जुन्या काळातले प्रसंग त्या काळच्या वेशात उभे करण्यासाठीच्या) चामडी सामानाची पारख

या वेळचे बहुतेक प्रश्न 'चांगलं' आणि 'त्या काळाला धरून' या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून आले आहेत. उत्तम आधुनिक चामड्याचा पट्टा वीस वर्षं टिकेल, पण रोमन सैनिकाच्या कमरेला तो चुकीचाच. उलट, पद्धत अगदी जुनी पण चामडं जनावराच्या पोटाकडचं, असा पट्टा एका मोसमात लोंबायला लागतो. दोन्हीची परीक्षा वेगवेगळी करावी लागते.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, "शंभर टक्के अस्सल चामडं, झाडाच्या सालीने कमावलेलं." वस्तू न बिघडवता खात्री कशी करायची?

उत्तर : 'अस्सल चामडं' हे शब्द सोडून द्या. चिरून काढलेला खालचा थर, घासून वर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेलं कातडं, सगळंच त्या नावाने खपतं. सालीने कमावल्याचा दावा मात्र तपासण्यासारखा आहे. सालीऐवजी क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावायची पद्धत धंद्यात आली ती ऑगस्ट शुल्ट्झ यांच्या 1884च्या अमेरिकन पेटंटनंतर. त्याआधीच्या कुठल्याही काळाचा वेश असेल तर क्रोमचं चामडं बाद.

सुरुवात काठापासून करा. कापलेल्या काठाच्या मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. सालीच्या चामड्याचा काठ आतपर्यंत तपकिरी किंवा फिकट पिवळसर असतो आणि ओला करून लाकडाने घासला की चकचकीत बसतो. क्रोमचा काठ घासला तरी केसाळच राहतो, म्हणून तो बहुतेक वेळा रंगाच्या जाड थराखाली लपवलेला असतो. चामडं आरपार रंगवलेलं असेल तर मात्र काठ काहीच सांगत नाही. अशा वेळी त्याच चामड्याची कात्रण मागवा. बोटभर लांब, पाच मिमी रुंद पट्टी पुरते. कात्रण द्यायला का कू करणाऱ्याकडून आम्ही तरी महागाची वस्तू घेणार नाही.

कात्रणावर दोन चाचण्या करा. पहिली लोखंडाची. अर्धा कप व्हिनेगरमध्ये साबण नसलेल्या बारीक स्टील वूलचा चिमूटभर गोळा एक दिवस भिजत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. या पाण्याचा थेंब मांसाकडच्या (आतल्या, खरखरीत) बाजूवर टाकला की सालीतलं टॅनिन (कातडं कमावणारं द्रव्य) लोखंडाशी मिळून मिनिटाभरात काळं-निळं पडतं. दुसरी उकळत्या पाण्याची. पट्टीची लांबी मोजा, ती तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. सालीची पट्टी काही सेकंदांतच आक्रसून वेटोळी होते आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक लागते. क्रोमची जवळजवळ तशीच बाहेर येते.

एकट्या चाचणीवर निकाल देऊ नका. काळं पडलं आणि आक्रसलं, तर सालीचं. काळं पडलं पण आक्रसलं नाही, तर क्रोमवर सालीचा हात फिरवलेलं. फसवणूक बहुतेक इथेच होते. काळंही पडलं नाही आणि आक्रसलंही नाही, तर सरळ क्रोम. आणि काळं न पडता आक्रसलं, तर ते तेलाने किंवा तुरटीने कमावलेलं असू शकतं. अशा चामड्याला चुकीचं ठरवू नका. जुन्या सैनिकांचे पांढरट 'बफ' पट्टे तेलानेच कमावलेले असत, त्यांत टॅनिन सापडणारच नाही. (वासावरून ओळखू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की चामड्याचा वास बाटलीतही मिळतो.)

प्रश्न : पट्ट्यासाठी किती जाडी योग्य? दुकानदार 'आठ औंस' म्हणतो.

उत्तर : चामड्यातला एक औंस म्हणजे इंचाचा 64वा भाग, साधारण 0.4 मिमी. म्हणजे आठ औंस 3.2 मिमी. वजन पेलणाऱ्या कमरपट्ट्याला 3 ते 4 मिमी हवं, छोट्या बटव्याला 2 मिमी पुरे. कॅलिपरने पट्ट्यावर चार ठिकाणी मोजा. टोकाकडे एकदम पातळ होत असेल तर ते पोटाकडचं कातडं. काठावर भिंग धरून मधली सांध्याची रेघ शोधा. दीड-दीड मिमीचे दोन थर चिकटवून वरून रंग मारला की तेही तीनच मिमी भरतं.

जाडीपेक्षा कातड्याचा भाग जास्त महत्त्वाचा. दाण्याची (केसांकडची, गुळगुळीत) बाजू आत घेऊन पट्टा वाकवा. पाठीच्या चामड्यावर केसासारख्या बारीक सुरकुत्या पडतात. पोटाच्या चामड्यावर जाड, पोकळ वळ्या उठतात आणि सोडल्यावरही त्यांची खूण राहते. असा पट्टा जाड असला तरी ओझ्याने ताणला जाणारच.

प्रश्न : हातशिलाई आणि मशीनशिलाई नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते का? टाके एकसारखे असतील तर ते मशीनचे, असं समजायचं का?

उत्तर : नाही, हा समज उलटा आहे. चांगला कारागीर दात्यांच्या चाकाने आधी खुणा पाडतो, मग आरीने भोकं पाडतो, त्यामुळे त्याचेही टाके एकसारखेच येतात. वाकडेतिकडे टाके हा हातशिलाईचा पुरावा नाही, फार तर घाईचा आहे.

खरा फरक दोऱ्याच्या वाटेत आहे. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे असतात आणि ते चामड्याच्या जाडीत एकमेकांत अडकतात. म्हणून मागची बाजू बघा. हातशिलाईत मागचे टाकेही भरलेले आणि किंचित तिरके दिसतात. मशीनचा ताण जरा चुकला असेल तर खालचा दोरा तारेसारखा सरळ पडलेला दिसतो आणि वरच्या दोऱ्याचे ठिपके त्याच्यावर आलेले असतात. टोचणीने एक टाका उचलून बघा. असा सरळ पडलेला दोरा सैलसर वर येतो, हाताचा टाका जागचा हलत नाही. वापरताही हाच फरक जाणवतो. मशीनचा एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. हातशिलाईत दुसरं टोक शिवण धरून ठेवतं.

मग शेवट बघा. हाताने शिवणारा दोन-तीन टाके उलट घेऊन दोरा कापतो. टोकाला वितळलेला चकचकीत मणी असेल तर दोरा पॉलिस्टरचा आहे. सुटं टोक मिळालं तर जाळून बघा. लिननचा दोरा जळक्या कागदाचा वास देत राख होतो, पॉलिस्टर आक्रसून कडक गोळी होतो.

काळाचा हिशेबही लावा. एलायस हाउ यांचं दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट 1846चं, बुटाचे तळ शिवणारं लायमन ब्लेक यांचं यंत्र 1858चं. त्याआधीच्या वेशात मशीनशिलाईला जागाच नाही.

प्रश्न : 'शुद्ध पितळी' बक्कल लोहचुंबकाला चिकटत नाही. म्हणजे पितळच ना?

उत्तर : एवढ्यावरून म्हणता येणार नाही. चुंबकाने फक्त पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड सापडतं. हल्लीची बरीच स्वस्त बक्कलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि तीही चुंबकाला चिकटत नाहीत. बक्कलाच्या मागे, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी कानशीचा एक हात फिरवा. आतून पिवळं आलं तर पितळ, करडं-पांढरं आलं तर जस्त. जस्ताचं बक्कल कवायतीत अचानक तुटतं, तेही नेमकं खिळीच्या बुडाशी.

कानस लावायची नसेल आणि बक्कल सुटं असेल, तर दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर घनता काढा. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं बक्कल तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवून धरा. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन 42 ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा 5 आला, तर भागाकार 8.4, म्हणजे पितळ. आकडा 6.3 आला असता तर भागाकार 6.7, म्हणजे जस्त. बक्कलाच्या खाचेत हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तर चुकतं, म्हणून आधी पाण्यात हलवून घ्या.

प्रश्न : अमेरिकन यादवी युद्धातल्या पायदळाची काडतूसपेटी ऑनलाइन घ्यायची आहे. विक्रेता समोरून काढलेला एकच फोटो दाखवतो. कुठले फोटो मागू?

उत्तर : समोरचा फोटो सगळ्यात निरुपयोगी, कारण तेवढी बाजू सगळेच नीट करतात. हे मागा : पेटी उघडून आतला पत्रा, तळ, पाठ आणि झडपेची आतली बाजू.

आत पत्र्याचे दोन डबे हवेत, बाहेर निघणारे. पेटीत 40 काडतुसं बसत. डबे नसतील किंवा त्यांच्या जागी लाकडाचा ठोकळा असेल तर ती शोभेची वस्तू. मोठ्या झडपेखाली दुसरी छोटी झडप आणि पुढच्या अंगाला अवजारांचा खिसा हवा. खिसा खरोखर उघडतो का, ते विचारा. काही ठिकाणी नुसती झाकणाची पट्टी शिवलेली असते. तळाशी खांद्याच्या पट्ट्यासाठी बक्कलं आणि पेटी बंद करणारी धातूची घुंडी असते. घुंडीवर अडकणाऱ्या पट्टीचं भोक जवळून बघा. भोकापासून वर छोटी चीर असायला हवी. चीर नसेल तर प्रत्येक वेळी ओढून भोक फाटत जातं. झडपेवरचा पितळी 'यूएस' बिल्ला 1864च्या नमुन्यात नाही, तिथे अक्षरं चामड्यातच उमटवलेली असतात. एकाच पेटीवर दोन्ही दिसली तर नमुना नीट न बघता बनवली आहे.

सोबत टोप्यांची (बंदुकीचा बार पेटवणाऱ्या धातूच्या छोट्या टोप्यांची) छोटी पेटी घेत असाल तर तिच्या तोंडाशी आत मेंढीच्या लोकरीची पट्टी हवी. ती सजावट नाही, झडप उघडी असताना टोप्या सांडू नयेत म्हणून आहे.

प्रश्न : मध्ययुगीन जोड्याच्या तळव्याला बाहेरून सुबक टाके दिसतात. चांगलं काम समजायचं?

उत्तर : काम चांगलं असेल, पण काळ चुकलाय. तो जोडा उलटा शिवून मग सुलटा करत. टाका तळव्याच्या कडेतून आत शिरून वरच्या बाजूने निघे, त्यामुळे जमिनीकडे दोरा दिसतच नाही. टाच उंचावलेली असेल तर तीही चूक. तळवा एकेरी असल्याने तो लवकर झिजतो, ही तक्रार मात्र करू नका, तो तसाच असतो.

प्रश्न : पावसात भिजल्यावर काळ्या पट्ट्याचा रंग पांढऱ्या कपड्यांवर उतरला. शिवाय बक्कलाभोवती हिरवा थर जमलाय.

उत्तर : रंग उतरला कारण रंगवल्यावर जादा रंग पुसून काढलेला नाही. घेतानाच ओलसर पांढरा कपडा दहा वेळा घासून बघायचा होता. किंचित डाग चालतो, कपडा काळा झाला तर नाही. आता कोरड्या कपड्याने, कपडा स्वच्छ निघेपर्यंत घासा, मग मेणाचा पातळ हात द्या. वाकवल्यावर रंगाला तडे जात असतील तर तो रंग नसून पापुद्रा आहे, त्याला उपाय नाही.

हिरवा थर म्हणजे तेलातल्या आम्लांनी पितळेतलं तांबं खाल्लं. लाकडाच्या काडीने खरवडून काढा, धातूच्या टोकाने नको. तेल देणं कमी करा. वर्षातून एकदा, तेही बक्कलाजवळ न देता. पांढरी भुकटी दिसली तर आधी हेअर ड्रायरची ऊब द्या. वितळून आत गेली तर ती चरबी आहे, पुसा आणि विसरा. तशीच राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी. मग पट्टा इतर सामानापासून वेगळा ठेवा, हवेशीर सावलीत वाळवा आणि निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा मिश्रणाने पुसा. आधी मागच्या बाजूला एक ठिपका लावून रंग जातो का ते बघा.